स्ट्रॅट पद्धतीच्या गिटारचे पिकअप बदलताना

इलेक्ट्रिक गिटारचा आवाज मनाजोगता वाटेनासा झाला की वादकाचे लक्ष प्रथम पिकअपकडे जाते. त्यात गैर काही नाही, कारण तारेच्या कंपनाचे विजेत रूपांतर तेथेच होते आणि तेथे केलेला बदल कानाला लगेच जाणवतो. मात्र खिशात हात घालण्यापूर्वी आपली तक्रार नेमकी काय आहे, हे एका वाक्यात कागदावर उतरवावे. ‘आवाज चांगला येत नाही’ ही तक्रार नव्हे. ‘ब्रिजच्या (तारांची खालची टोके धरणाऱ्या भागाजवळच्या) पिकअपवर बारीक तारा कानाला टोचतात’, ‘गेन (ॲम्पमधील सिग्नलची वाढ) वाढवला की जाड तारांचे स्वर गढूळ होतात’, ‘तिसरी तार इतरांपेक्षा मोठी वाजते’ या तक्रारी आहेत. यांतील प्रत्येकीचे कारण वेगळे असते आणि कित्येकींवरचा उपाय नवा पिकअप हा नसतोच.

येथे उदाहरण म्हणून कमी किमतीची, स्ट्रॅटोकास्टर (फेंडर कंपनीचे मॉडेल, थोडक्यात ‘स्ट्रॅट’) पद्धतीची, नेकजवळ (गिटारच्या मानेजवळ), मध्ये आणि ब्रिजजवळ असे तीन सिंगल कॉइल (वायरीची एकच गुंडाळी असलेले) पिकअप असलेली गिटार घेतली आहे. शिकाऊ वादकाच्या हाती बहुधा हीच गिटार पडते, आणि तिची आतील रचना समजली की इतर गिटारी उघडतानाही हात चाचरत नाही.

आधी बिनखर्चाचे उपाय

पिकअपच्या दोन्ही टोकांना असलेले उंचीचे स्क्रू बहुतेक लोक गिटार घेतल्यापासून एकदाही फिरवत नाहीत. प्रत्येक तार शेवटच्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) दाबून धरावी आणि पोल पीसच्या (पिकअपवर प्रत्येक तारेखाली दिसणाऱ्या धातूच्या खुंटीच्या) माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंतचे अंतर मोजावे. साध्या सिंगल कॉइलसाठी जाड तारेकडे सुमारे २ मिलिमीटर आणि बारीक तारेकडे सुमारे १.६ मिलिमीटर हे अंतर सुरुवातीला योग्य ठरते. जुन्या धर्तीच्या, चुंबकाचेच पोल पीस असलेल्या पिकअपसाठी ते अनुक्रमे २.४ आणि २ मिलिमीटर धरावे. पिकअप याहून फार वर आला असेल तर चुंबक तारेलाच ओढू लागतो, आणि मग जाड तार बाराव्या फ्रेटच्या पुढे वाजवली असता एकाच स्वरात दोन स्वर लहरत असल्यासारखा बेसूर आवाज येतो. अशा वेळी ट्यूनर (तारा पिळण्याच्या खुंट्या), इंटोनेशन (सर्व फ्रेटवर सूर जुळणे), ब्रिज या सर्वांवर संशय घेतला जातो आणि खरे कारण मात्र स्क्रूच्या दोन फेऱ्यांमध्ये असते.

तारा जुन्या झाल्या असतील तर त्या बदलाव्यात. कोकणपट्टीच्या किंवा मुंबईच्या दमट हवेत त्या लवकर गंजतात आणि गंजलेल्या तारेचा मंद आवाज कोणताही पिकअप उजळवू शकत नाही. केबलचाही विचार करावा. गिटारच्या केबलला दर मीटरमागे साधारण १०० ते १५० पिकोफॅरड कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) असतो आणि तो वाढला की वरचा आवाज दबतो. म्हणूनच सहा मीटरची केबल काढून तीन मीटरची लावली, तर पिकअप न बदलताही आवाज थोडा खुलतो. तक्रार उलट, म्हणजे टोचण्याची असेल तर लांब केबल मदतच करते.

घरघर ही तक्रार असल्यास प्रथम घरातील अर्थिंग तपासून घ्यावे. जुन्या इमारतींत तीन पिनांचे सॉकेट दिसते, पण त्यातील तिसऱ्या भोकाला आत वायरच जोडलेली नसते, हा अनुभव अनेकांना असेल. तारांना हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर वाजवणे तत्काळ थांबवून इलेक्ट्रिशियनला बोलवावे. तो पिकअपचा नव्हे, जिवाशी निगडित प्रश्न आहे.

हे सर्व करूनही तक्रार जशीच्या तशी उरली, आणि गिटारचे फ्रेट, नट (मानेच्या वरच्या टोकाची, तारांच्या खाचांची पट्टी) व ट्यूनर सुस्थितीत असले, तरच पिकअपवर खर्च करावा. फ्रेट झिजलेल्या गिटारवर महागडे पिकअप बसवणे मला तरी पटत नाही. ते पैसे आधी चांगल्या सेटअपवर घालावेत.

निवड

पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली तांब्याची अतिशय बारीक वायर. जुन्या धर्तीच्या स्ट्रॅट पिकअपमध्ये ४२ गेजची, म्हणजे मिलिमीटरच्या सुमारे सहा शतांश जाडीची वायर असते आणि तिचे सात-आठ हजार वेढे असतात. लोखंडी तार चुंबकीय क्षेत्रात हलली की या वेढ्यांमध्ये विद्युतदाब निर्माण होतो. वेढे वाढवले की आवाज मोठा होतो आणि मधला पट्टा भरतो, पण वरची चमक कमी होते. त्यामुळे ‘जास्त ताकदीचा पिकअप म्हणजे अधिक चांगला पिकअप’ हा समज सोडून दिलेला बरा.

स्वस्त गिटारीत बहुधा पोलादी पोल पीस असतात आणि त्यांच्या खाली सिरॅमिक चुंबकाची एक पट्टी चिकटवलेली असते. याउलट १९५४ मध्ये आलेल्या मूळ स्ट्रॅटोकास्टरच्या पिकअपमध्ये पोल पीस हेच चुंबक असतात आणि ते अल्निको या, ॲल्युमिनियम, निकेल व कोबाल्ट मिसळलेल्या लोहमिश्रधातूचे असतात. आपल्या पिकअपची खालची बाजू पाहिली की पट्टी आहे की नाही हे लगेच कळते. सिरॅमिक सरसकट वाईट असते असे नाही. हेवी मेटलसाठी बनवलेल्या अनेक नामांकित पिकअपमध्ये तेच वापरलेले आढळते. पण स्वच्छ आवाजात वाजवताना पट्टीवाल्या स्वस्त पिकअपवर तारेला हळू किंवा जोरात छेडल्याचा फरक तितकासा उमटत नसेल, तर अल्निको ५ चुंबकांचा संच घेतल्याचे सार्थक होते. अल्निको २ चे चुंबक काहीसे दुर्बल असतात आणि त्यांचा आवाज मऊ वाटतो; ब्रिजवर टोचणाऱ्या आवाजाने हैराण झालेल्यांनी त्यांचा विचार अवश्य करावा.

जाहिरातीत दिलेला किलोओहमचा आकडा फार मनावर घेऊ नये. जुन्या धर्तीचा सिंगल कॉइल साडेपाच ते साडेसहा किलोओहमच्या आसपास असतो, पण अधिक बारीक वायर वापरली की वेढे तितकेच असूनही आकडा फुगतो. एकाच कंपनीच्या, एकाच वायरच्या दोन पिकअपची तुलना करण्यापुरताच तो उपयोगी आहे.

यापेक्षा तीन गोष्टी अधिक काळजीने पाहाव्यात. पहिली म्हणजे पहिल्या आणि सहाव्या पोल पीसच्या मध्यांमधील अंतर. ते जुन्या पिकअपवर मोजून घ्यावे, नाही तर नवा पिकअप आपल्या जुन्या प्लास्टिकच्या कव्हरमध्ये शिरत नाही. दुसरी म्हणजे पोल पीसची उंची. जुन्या धर्तीच्या संचात तिसऱ्या तारेखालचा चुंबक मुद्दाम उंच ठेवलेला असतो, कारण त्या काळी त्या तारेवर दुसरी बारीक तार गुंडाळलेली असे. आजच्या साध्या तिसऱ्या तारेवर तोच चुंबक तिला इतरांपेक्षा मोठे वाजवतो. ही तक्रार असलेल्यांनी सपाट पोल पीसचा संच निवडावा. तिसरी गोष्ट मधल्या पिकअपची. त्याचे वेढे आणि चुंबकाची ध्रुवता दोन्ही उलट असतील तर पिकअप निवडण्याच्या पाच स्थानांच्या स्विचवर दुसऱ्या आणि चौथ्या स्थानांवर, म्हणजे मधला पिकअप शेजारच्या एकासोबत वाजतो तेथे, आपल्याकडच्या ५० हर्ट्झ विजेची घरघर बरीचशी नाहीशी होते. पूर्ण संच एकाच कंपनीचा घेतल्यास याची जुळणी बहुधा आधीच केलेली असते.

घरघर कोणत्याच स्थानावर नको असेल तर हम्बकर हा मार्ग आहे. गिब्सन कंपनीचे अभियंते सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. दोन उलटसुलट कॉइल जोडल्या की बाहेरून आलेली घरघर एकमेकींना खोडते आणि तारेचा आवाज मात्र एकत्र होतो. पूर्ण आकाराचा हम्बकर बसवायचा तर पिकगार्ड (पिकअप ज्यावर बसवलेले असतात तो पुढचा प्लास्टिकचा पत्रा) बदलावा लागतो आणि कधी कधी लाकूडही कोरावे लागते. सिंगल कॉइलच्या आकारातच बसणारे दोन पट्ट्यांचे हम्बकर मिळतात; त्यांना काहीच कोरावे लागत नाही, पण त्यांचा आवाज स्ट्रॅटचा राहत नाही, हे समजून घ्यावे. हम्बकरच्या चार वायरींचे रंग प्रत्येक कंपनी वेगळे ठेवते. सेमोर डंकनच्या पिकअपमध्ये काळी वायर सिग्नलची (आवाज नेणारी), हिरवी ग्राउंडची (परतीची) आणि लाल-पांढरी एकमेकींना जोडायची असते. डिमार्झिओमध्ये लाल सिग्नलची, हिरवी ग्राउंडची आणि काळी-पांढरी एकमेकींना जोडायची. इंटरनेटवरचा भलताच नकाशा पाहून जोडणी केल्यास ती चुकणारच, म्हणून त्याच कंपनीचा कागद समोर ठेवावा.

साहित्य

पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडवर यासाठी लागणारे सर्व सामान एका फेरीत मिळते: सोल्डरिंग आयर्न, ६०/४० प्रमाणाचे रोझिनयुक्त बारीक सोल्डर, जुने सोल्डर टिपून घेणारी तांब्याची जाळीदार पट्टी, साधा डिजिटल मल्टिमीटर, वायर सोलण्याचा चिमटा आणि थोडा पॉलिश पेपर. घरोघरी असणारे २५ वॉटचे आयर्न स्विचच्या पायांसाठी पुरेसे आहे; पण पॉटच्या (व्हॉल्यूम-टोनच्या बटणाखालच्या बदलत्या रोधकाच्या) पाठीवर सोल्डरचा टाका घालायला ते कमी पडते, कारण त्या धातूच्या डब्यात उष्णता पसरून जाते. तेथे ४० ते ६० वॉटचे, चपट्या टोकाचे आयर्न घ्यावे. भांडी किंवा नळ जोडायला वापरतात ते ॲसिडयुक्त फ्लक्स गिटारच्या आसपासही आणू नये. ते काही महिन्यांत जोड खाऊन टाकते.

काम करताना खिडकी उघडी ठेवावी, डोळ्यांवर चष्मा असावा आणि काम संपल्यावर हात साबणाने धुवावेत, कारण या सोल्डरमध्ये शिसे असते.

उघडण्यापूर्वीची एक नोंद

गिटारमध्ये केबल खोचावी, व्हॉल्यूम आणि टोन पूर्ण उघडावेत आणि केबलच्या दुसऱ्या टोकावर मल्टिमीटरची लाल काडी प्लगच्या टोकाला व काळी काडी त्याच्या दांड्याला लावावी. मीटर २० किलोओहमवर ठेवला की स्विचच्या पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या स्थानांवर एकेका पिकअपचा रोध दिसतो, आणि दुसऱ्या व चौथ्या स्थानांवर दोन पिकअप समांतर असल्याने साधारण त्याच्या निम्मा. हे पाचही आकडे लिहून ठेवावेत. काम संपल्यावर हीच चाचणी पुन्हा करायची असते, आणि जोडणी बरोबर झाली की नाही हे तारा चढवण्यापूर्वीच तिच्यावरून कळते.

नवे पिकअपही सोल्डर करण्याआधी असेच मोजावेत. एखाद्याचा आकडा दिसतच नसेल तर आतली वायर तुटलेली आहे, आणि दुकानदार तो परत घेईल तो सोल्डर लागण्यापूर्वीच.

जुने काढणे, नवे बसवणे

तारा पूर्ण काढाव्यात. ट्रेमोलो ब्रिज मागच्या स्प्रिंगांच्या ओढीने लाकडाला टेकेल. त्यात काळजीचे कारण नाही. आधुनिक स्ट्रॅटच्या पिकगार्डला अकरा स्क्रू असतात. ते एका वाटीत ठेवावेत आणि ती वाटी पिकअपपासून दूर ठेवावी, कारण सुटा स्क्रू चुंबकावर झेपावतो आणि वाटेत कॉइलची वायर तोडू शकतो. पिकगार्ड सरळ न उचलता जॅकच्या (केबल खोचण्याच्या जागेच्या) बाजूने पालथा करावा. त्याला गिटारशी बांधून ठेवणाऱ्या तीन वायरी असतात: दोन जॅककडे जाणाऱ्या आणि एक लाकडातून मागच्या स्प्रिंगच्या पट्टीकडे जाणारी ग्राउंडची. या तीन वायरींवर ताण येऊ देऊ नये. गिटारवर जुना टॉवेल पसरून त्यावर पिकगार्ड पालथा ठेवला की सोल्डरचे थेंब रंगावर पडत नाहीत.

आता फोनवर फोटो काढावेत: एक पूर्ण, एक स्विचचा, एक पॉटच्या पाठींचा. फोटोत प्रत्येक वायर कोठून निघून कोठे जाते हे बोटाने दाखवता येत नसेल, तर पुन्हा काढावा. स्वस्त गिटारीत स्विच बंद पेटीसारखा, एका रांगेत आठ पाय असलेला असतो; चांगल्या गिटारीत तो उघडा, दोन बाजूंना चार-चार पायांचा असतो. पेटीच्या स्विचवर कोणता पाय कशासाठी हे नुसते पाहून ओळखता येत नाही. म्हणूनच एका वेळी एकच पिकअप बदलावा. नेकचा जुना पिकअप सोडवला की त्याची सिग्नलची वायर ज्या पायावर होती त्याच पायावर नव्याची जोडावी, मग मधला, मग ब्रिजचा. तिन्ही एकदम कापून काढले की फोटोवरच विसंबून राहावे लागते.

जुन्या धर्तीच्या संचात बहुधा पांढरी वायर सिग्नलची आणि काळी ग्राउंडची असते. पांढरी स्विचवर जाते, काळी व्हॉल्यूम पॉटच्या पाठीवर. कापडी आवरणाची वायर असेल तर ती सोलायची नसते. आवरण नुसते मागे सरकवायचे. ते सरकवताना पिकअप हातात लोंबकळत ठेवू नये, कारण जाड वायरीचा ताण थेट कॉइलच्या टोकावर येतो. पोल पीसही कधी ढकलू नयेत: या रचनेत वायर सरळ चुंबकावर गुंडाळलेली असते आणि चुंबक जरासा सरकला तरी आतला वेढा तुटतो.

पॉटच्या पाठीवरचा टाका हे या कामातील सर्वांत अवघड काम आहे. पाठीचा छोटा भाग पॉलिश पेपरने घासून चकचकीत करावा. आयर्नच्या टोकावर किंचित सोल्डर घेऊन ते टोक त्या जागी आडवे टेकवावे, दोन-तीन सेकंद थांबावे आणि मग सोल्डर आयर्नला नव्हे तर पॉटला लावावे. धातू तापला असेल तर सोल्डर आपोआप पसरते. आधीच सोल्डर लावून ठेवलेले वायरीचे टोक त्यात बुडवावे, आयर्न काढावे आणि सोल्डर थिजेपर्यंत वायर अजिबात हलवू नये. टाका गुळगुळीत आणि चमकदार दिसला पाहिजे. दाणेदार, निस्तेज गोळा दिसला तर तो ‘थंड’ टाका, आज वाजेल आणि पुढच्या महिन्यात खरखरेल. पाच-सहा सेकंदांत काम होत नसेल तर आयर्न काढून पॉट निवू द्यावा, नाही तर आतील कार्बनची पट्टी खराब होते.

पॉट बदलायचे मनात असेल तर सिंगल कॉइलसाठी २५० किलोओहमचे आणि हम्बकरसाठी ५०० किलोओहमचे घेतात. मोठा आकडा आवाज उजळ ठेवतो. मात्र चांगल्या दर्जाच्या मोठ्या पॉटचा दांडा आशियात बनलेल्या गिटारींच्या पिकगार्डच्या भोकात अनेकदा शिरत नाही आणि भोक रुंद करावे लागते. जुने पॉट खरखरत नसतील तर ते बदलण्याची घाई नको.

गिटार उघडलेलीच आहे तर एक छोटा बदल मी आग्रहाने सुचवेन. मूळ जोडणीत पहिला टोन नेकच्या पिकअपला आणि दुसरा मधल्या पिकअपला लागू होतो. सर्वांत टोचणारा ब्रिजचा पिकअप मात्र टोनविना राहतो. उघड्या स्विचवर ज्या बाजूला टोनच्या वायरी आहेत, तेथे ब्रिजचा पाय रिकामा असतो. मधल्या पिकअपच्या टोनचा पाय आणि हा रिकामा पाय एका छोट्या वायरीने जोडला की दुसरा टोन दोघांनाही चालतो. ब्रिजच्या आवाजाने वैतागून पिकअप बदलायला निघालेल्यांपैकी काही जणांचे समाधान एवढ्यावरच होते.

बंद करण्यापूर्वी

पूर्वीची केबलची चाचणी पुन्हा करावी. एखाद्या स्थानावर आकडा शून्याजवळ आला तर सिग्नलची वायर कोठे तरी ग्राउंडला टेकली आहे. मीटर २० किलोओहमवर आकडा दाखवतच नसेल आणि वरच्या पट्ट्यावर तो दोनशे-अडीचशे किलोओहम आला तर पिकअप जोडलाच गेलेला नाही, आपण फक्त पॉट मोजत आहोत.

मग फेज, म्हणजे तिन्ही पिकअपचे सिग्नल एकाच दिशेचे आहेत की नाही, हे पाहावे. मीटर तसाच ठेवून प्रत्येक पिकअपच्या पोल पीसवर लोखंडी स्क्रूड्रायव्हर सपाट टेकवावा. त्या क्षणी आकडा वर किंवा खाली उडी घेतो. तिन्ही पिकअपवर उडी एकाच दिशेला असली पाहिजे. मधला पिकअप उलट वेढ्यांचा आणि उलट ध्रुवतेचा असला तरी त्याची उडी इतरांसारखीच येते, कारण दोन्ही गोष्टी उलट आहेत. एखाद्याची उडी विरुद्ध असेल तर त्या पिकअपच्या दोन वायरींची अदलाबदल करावी. ही चाचणी टाळली तर दुसऱ्या किंवा चौथ्या स्थानावर खर्ज गायब झालेला, दबका, नाकातला आवाज येऊ शकतो. प्लास्टिकच्या कव्हरचा सिंगल कॉइल असेल तरच ही अदलाबदल इतकी सोपी असते. टेलिकास्टरच्या नेक पिकअपचे धातूचे कव्हर ग्राउंडला जोडलेले असते, त्यामुळे ती जोडणी आधी वेगळी करावी लागते.

यानंतर ॲम्प कमी आवाजावर लावून स्क्रूड्रायव्हरने पोल पीसवर हलके टिचकी मारावी आणि स्विच फिरवत योग्य पिकअपच बोलतो आहे ना, हे ऐकावे. ब्रिजला हात लावल्यावर घरघर कमी झाली तर ग्राउंड ठीक आहे. काहीच फरक पडत नसेल तर स्प्रिंगच्या पट्टीकडे जाणारी वायर सुटली आहे. घरघर उलट वाढली तर जॅकवरच्या दोन वायरी एकमेकींच्या जागी लागल्या आहेत.

पिकगार्ड परत लावताना प्रत्येक स्क्रू आधी हलकेच उलटा फिरवावा. जुन्या आट्यांत तो ‘टक्’ करून बसल्याचे बोटांना जाणवते, मग सुलटा आवळावा. स्वस्त गिटारींचे बासवूड मऊ असते आणि नव्या आट्या पडल्या की भोक सैल होते. तसे झालेच असेल तर आगकाडीचा तुकडा फेविकॉल लावून भोकात बसवावा आणि रात्रभर वाळू द्यावा.

तारा चढवून सूर लावल्यावर उंचीचे काम पुन्हा करावे लागते, आणि यात घाई करू नये. आधी सांगितलेल्या अंतरांवर तिन्ही पिकअप ठेवून ब्रिजचा पिकअप प्रमाण मानावा, कारण तेथे तारेचे कंपन सर्वांत लहान असते. मग स्विच फिरवत नेक आणि मधला पिकअप त्याच्या बरोबरीने वाजेपर्यंत खाली न्यावेत. मधल्या पिकअपला प्लेक्ट्रम लागत असेल तर तो आणखी खाली गेला तरी चालेल; दुसऱ्या आणि चौथ्या स्थानांचा गुण त्यामुळे थोडा बदलतो, तो कानाने ठरवावा. ॲम्पचे बटण या काळात हलवू नये. पहिल्या दिवशी नवा आवाज नुसता नवा आहे म्हणूनच आवडतो, त्यामुळे शेवटची उंची आठवडाभर वाजवल्यानंतर पक्की करून मिलिमीटरमध्ये लिहून ठेवावी. जुने पिकअप ‘नेक’, ‘मधला’, ‘ब्रिज’ अशा चिठ्ठ्या लावून कागदात गुंडाळून ठेवावेत. गिटार विकायची वेळ आली तर ते परत बसवून नवा संच स्वतःकडे ठेवता येतो.